शर्यत बैलांची की साधनांची?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांचे कायदे वैध ठरविले आणि बैलगाडी शर्यती व्हाव्यात की होऊ नयेत, हा बारा वर्षे चाललेला वाद निदान कायद्यापुरता संपुष्टात आला. सातारा-सांगलीकडील शर्यतशौकिनांना हा निकाल स्वतःच्या विजयासारखा वाटला असल्यास त्यात नवल नाही. तथापि या आनंदात एक गोष्ट नजरेआड होऊ लागली आहे. न्यायालयाने मान्यता दिली ती सरसकट शर्यतींना दिलेली नाही. नियमांच्या चौकटीत होणाऱ्या शर्यतींना दिली आहे, आणि त्या नियमांची कडक अंमलबजावणी करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. म्हणजेच शर्यत व्हावी की नाही, या प्रश्नाची जागा आता शर्यत कशी व्हावी, या प्रश्नाने घेतली आहे.

हा दुसरा प्रश्न पहिल्याइतका भावनेला हात घालणारा नाही. त्यासाठी मोर्चे निघत नाहीत आणि विधिमंडळात घोषणाही होत नाहीत. गाडीवानाच्या हातात काय असावे, छकडा केवढा जड असावा, कोणत्या वयाचा बैल कोणत्या गटात धावावा, अशा किरकोळ भासणाऱ्या बाबींचा तो प्रश्न आहे. परंतु एखादा खेळ कोणाचा राहतो आणि कोणाच्या हातून निसटतो, हे पुष्कळदा अशा किरकोळ बाबींवरच ठरते. माणच्या किंवा आटपाडीच्या माळावर एक खोंड वाढविणारा शेतकरी आणखी दहा वर्षांनी मैदानात असेल की मैदानाच्या कडेला उभा राहून दुसऱ्यांचे बैल पाहत असेल, याचे उत्तर या बंधनांत दडलेले आहे.

बंदीपासून परवानगीपर्यंत

या वादाचा इतिहास थोडक्यात आठवणे आवश्यक आहे. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळासाठी प्रशिक्षण देण्यास व प्रदर्शन करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ च्या आरंभी मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर मोठे आंदोलन झाले, तामिळनाडूने स्वतःचा कायदा केला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. ती दुरुस्ती उच्च न्यायालयात अडली आणि पुढे प्रकरण घटनापीठाकडे गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे परिसरात पोलीस बंदोबस्त असतानाही पहाटेच्या वेळी शर्यत उरकण्यात आली, तेव्हा या प्रश्नाने किती तीव्र रूप धारण केले आहे, हे साऱ्या महाराष्ट्राला दिसले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि २०२३ च्या निकालाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले.

राज्याच्या नियमांचा गाभा साधा आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, आयोजकांनी अनामत रक्कम भरावी, धावेचे अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक नसावे, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारे यंत्र यांपैकी काहीही बैलावर वापरू नये. कायदा मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कागदावर ही बंधने पुरेशी कडक आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा. मैदानावर पुष्कळांना ही बंधने म्हणजे शर्यत वाचविण्यासाठी द्यावी लागलेली खंडणी वाटते. सरकारी अधिकारी समोर असेतो पाळायची आणि त्याने पाठ फिरविली की विसरायची. ही समजूत चुकीची आहे. साधनांवरील बंधन हे शर्यतीवर बाहेरून लादलेले ओझे नसून शर्यतीला अर्थ देणारी गोष्ट आहे.

एकाने टाचा उंचावल्या की

सातारा-सांगलीकडील शर्यतीची रीत पुणे जिल्ह्यातील घाटाच्या शर्यतीहून वेगळी आहे. आंबेगाव, खेड, जुन्नरकडे बैलगाडा चढणीच्या घाटातून एकटा पळतो, पुढे घोडी असते आणि निकाल घड्याळाच्या सेकंदांवर लागतो. इकडे माळरानावर समांतर चाकोऱ्या आखल्या जातात. नांगरटीच्या भाषेतला ‘तास’ हा शब्दच या चाकोऱ्यांसाठी रूढ झाला आहे. एकेका तासाला एकेक छकडा उभा राहतो, निशाण पडताच साऱ्या गाड्या एकदम सुटतात आणि जी पुढे ती गटात पहिली. मग उपान्त्य फेरी, मग अंतिम फेरी. येथे वेळ किती लागला, याला महत्त्व नाही. शेजारच्या तासातील गाडीच्या आपण पुढे आहोत की मागे, एवढाच प्रश्न असतो.

हा भेद अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ज्या स्पर्धेत फक्त क्रमांकाला किंमत असते, तेथे सर्वांनी एकाच वेळी केलेला जादा खर्च पूर्णपणे वाया जातो. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा स्थानमूलक स्पर्धेचे विवेचन केले आहे. तमाशाच्या कनातीत पुढच्या रांगेतल्या एकाने टाचा उंचावल्या तर त्याला अधिक दिसते. पण मग मागच्यालाही टाचा उंचावाव्या लागतात, आणि शेवटी सारेच टाचांवर उभे राहतात. कोणालाही पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात.

चाबकाचे गणित नेमके असेच आहे. दोन छकडे शेजारी आहेत अशी कल्पना करावी. दोघांपैकी कोणीच टोचणी वापरली नाही तर जो बैल अधिक चपळ, ज्याची मशागत अधिक चांगली आणि ज्याचा गाडीवान अधिक कसबी, तो जिंकेल. एकाने लपून टोचणी वापरली तर त्याला क्षणिक फायदा होईल. हे दुसऱ्याच्या लक्षात येताच तोही ती वापरील, आणि मग निकाल पुन्हा पहिल्यासारखाच लागेल. फरक एवढाच की आता दोन्ही जोड्यांच्या पाठीवर वळ उठलेले असतील. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणाचा वाटणारा निर्णय घेतला आणि सर्वांची मिळून हानी झाली, असा हा प्रकार आहे. अशा ठिकाणी सर्वांवर सारखे असलेले बंधन कोणाचेही काही हिरावून घेत नाही. प्रामाणिक गाडीवानाला तर ते संरक्षण देते, कारण त्याविना त्याच्यापुढे हरणे किंवा बैलाला मारणे एवढे दोनच मार्ग उरतात.

‘बैलाला हात लावायचा नाही, तर तो पळणार कसा?’ असा प्रश्न विचारला जातो. जुन्या जाणत्या बैलकऱ्यांकडूनच त्याचे उत्तर मिळू शकते. बैल तासात पळतो तो सवयीने, खुराकाने, सरावाने आणि ओळखीच्या माणसाच्या हाकेने. ज्याला मारल्याविना पळविता येत नाही, त्याची मशागत अपुरी राहिली आहे, असेच पूर्वीही मानले जाई.

होड्यांच्या जगातील धडा

साधनांवर मर्यादा घालण्याचा हा वाद केवळ बैलगाडीपुरता नाही. ज्या ज्या खेळात माणूस कोणत्या तरी साधनावर स्वार होऊन धावतो, तेथे तेथे तो उपस्थित झाला आहे. सांगलीकरांना पावसाळ्यात भरलेल्या कृष्णेच्या पात्रातील होड्यांच्या शर्यती परिचित आहेत. त्या वल्ह्यांच्या. शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यतींत मात्र या प्रश्नाचा ऊहापोह शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्यातून निघालेले निष्कर्ष माळावरच्या शर्यतीलाही उपयोगी पडण्यासारखे आहेत.

एकोणिसाव्या शतकात युरोपात शिडाच्या होड्यांची शर्यत हा श्रीमंतांचा षोक होता. दरसाल कोणीतरी अधिक खर्च करून अधिक वेगवान होडी बांधी. त्याबरोबर आदल्या वर्षीच्या साऱ्या होड्या शर्यतीच्या दृष्टीने निकामी होत. जिंकत असे तो होडी बांधणारा कारागीर, किंबहुना त्याला पैसे देणारा धनिक. सुकाणूवरच्या माणसाचे कसब दुय्यम ठरे. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या बंदरातील थॉमस मिडलटन या गृहस्थांनी यावर एक साधा तोडगा सुचविला. सर्वांनी एकाच आराखड्याच्या, एकाच मापाच्या होड्या बांधाव्यात, म्हणजे शर्यत माणसांची होईल. त्यातून १८८७ साली ‘वॉटर वॅग’ हा होड्यांचा वर्ग जन्मास आला. एकाच साच्याच्या छोट्या होड्यांचा हा जगातील पहिला वर्ग मानला जातो आणि तो आजही शर्यतीत उतरतो.

ही कल्पना पुढे जगभर पसरली. ब्रूस कर्बी या कॅनडाच्या आरेखकाने आखलेली ‘लेझर’ ही एकट्याने चालवावयाची होडी १९७१ पासून बाजारात आली. सुमारे सव्वाचार मीटर लांबीच्या या होडीच्या दोन लाखांहून अधिक प्रती आजवर तयार झाल्या आणि १९९६ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे. तिचा मूलभूत नियम असा, की ज्या बदलास नियमावलीत स्पष्ट परवानगी नाही तो बदल निषिद्ध. हांगझौ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत देवास जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातल्या नेहा ठाकूर या मुलीने याच कुळातील मुलींसाठीच्या लहान होडीत रौप्यपदक मिळविले. समुद्र नसलेल्या मध्य प्रदेशात भोपाळच्या तलावावर शिकलेली मुलगी आशियात दुसरी येते, यात तिच्या कर्तृत्वाचा वाटा मोठा आहेच. परंतु समोरच्या देशाची होडी आपल्याहून महाग आणि वेगवान नाही, ही हमी तिला नियमांनी दिली होती, हेही तितकेच खरे.

याउलट ‘मॉथ’ नावाच्या होडीच्या वर्गाने मुद्दाम मोकळीक ठेवली. लांबीसारख्या मोजक्या मर्यादा सांभाळून प्रत्येकाने हवे ते प्रयोग करावेत, असे तेथील धोरण. त्यामुळे पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाऊन लाटांवरून जणू उडत जाणारी होडी त्या वर्गात घडली. २००५ च्या सुमारास अशा पंखांच्या होड्या जागतिक स्पर्धा जिंकू लागल्या आणि बिनपंखांची होडी घेऊन येणाऱ्याला जिंकण्याची आशा उरली नाही. शास्त्राची प्रगती झाली, यात शंका नाही. खेळ मात्र महागला. दोन्ही मार्ग आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. पण ज्या समाजापाशी पैसा थोडा आणि हौस मोठी, त्याने कोणता मार्ग धरावा, हे सांगण्यासाठी फार विद्वत्तेची गरज नाही.

एकाच साच्याचा नियम केला की सारे प्रश्न सुटतात, असेही नाही. लेझर होडीचे शीड अधिकृत उत्पादकाकडूनच घेण्याचे बंधन होते. ते शीड महाग होते आणि त्याचे कापड लवकर सैल पडे. परिणामी ज्याला परवडे तो प्रत्येक मोठ्या स्पर्धेला कोरे शीड घेऊन येई आणि समानतेसाठी केलेला नियमच पैसेवाल्याच्या पथ्यावर पडे. यावर त्या वर्गात वर्षानुवर्षे खडाजंगी झाली आणि अखेर अधिक टिकाऊ कापडाचे, नव्या बेतणीचे शीड स्वीकारावे लागले. २०१९ साली युरोपातील उत्पादकाने तपासणीस कारखान्यात येऊ दिले नाहीत, या कारणावरून खेळाडूंच्या संघटनेने त्याच्याशी असलेला करारच मोडला. त्यातून उद्भवलेल्या व्यापारचिन्हाच्या वादामुळे होडीचे प्रसिद्ध नावही बदलावे लागले. नियम करून भागत नाही, तो मोजावा लागतो आणि मोजणाऱ्याला आत जाण्याचा अधिकार असावा लागतो, हा त्यातला धडा.

छकड्याचे वजन, बैलाचे दात

हा धडा माणदेशाच्या माळावर आणला तर काय दिसते? पहिली गोष्ट ही, की साधनांची समानता राखण्याची कल्पना येथे परकी नाही. बैलांची दातांवरून केलेली विभागणी ही याच जातीची आहे. ज्याने अद्याप दूधदात पाडलेले नाहीत तो ‘आदत’, दोन दातांचा तो ‘दुसा’, चार दातांचा ‘चौसा’. आणि कोवळ्या खोंडाने पूर्ण वाढलेल्या बैलाशी धावू नये, म्हणून आदतची मैदाने वेगळी भरविली जातात. जबडा उघडून कोणालाही ही तपासणी करता येते, तीवर वाद झाला तर चार माणसे पुन्हा पाहू शकतात, आणि दात लपविता येत नाहीत. चांगल्या नियमाची सारी लक्षणे या जुन्या रूढीत आहेत. ती करण्यासाठी कोणत्याही सरकारला अधिसूचना काढावी लागली नाही.

‘पैरा’ ही दुसरी रूढीही अशीच मोलाची. एका मालकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा दुसरा अशी जोडी जमवून छकडा जुंपला जातो. शेतीच्या कामात एकमेकांना बैल व हात उसने देण्यासाठी असलेला हा शब्द मैदानावर आला आहे. ज्याच्या दावणीला एकच चांगला खोंड आहे, त्यालाही या पद्धतीने मैदानात उतरता येते. एकट्याने दोन उत्तम बैल बाळगण्याची ऐपत नसलेल्यांसाठी समाजाने शोधलेला हा उपाय आहे.

छकड्याच्या बाबतीत मात्र असा काटेकोरपणा दिसत नाही. शर्यतीचा छकडा म्हणजे ओझ्याच्या गाडीचा केवळ सांगाडा. तो जितका हलका आणि त्याची चाके जितकी सुळसुळीत, तितका बैलाला वेग अधिक. हलकेपणाच्या या चढाओढीला वेळीच किमान वजनाची मर्यादा घातली नाही, तर छकडा करणाऱ्या गावच्या सुताराची जागा उद्या दूरच्या कारखान्यातील महाग धातू घेतील. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही, हा नियम या शतकाच्या आरंभापासून आहे. कितीही पैसा ओतला तरी त्या खाली जाता येत नाही, म्हणून पैसा ओतण्याचे एक कारण तेवढे कमी होते. मैदानाच्या तोंडाशी एक काटा ठेवून प्रत्येक छकडा तोलणे मुळीच अवघड नाही. साखर कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या गाड्या तोलण्याची सवय असलेल्या या दोन जिल्ह्यांत तर नाहीच नाही. अर्थात मर्यादा इतकी वरही नसावी की बैलाला ते ओझे व्हावे. ती पशुवैद्यक आणि अनुभवी गाडीवान यांनी मिळून ठरवावी.

गाडीवानाच्या हातांबाबतही असेच मोजता येण्याजोगे नियम हवेत. ‘क्रूरता करू नये’ हा उपदेश झाला. सुटण्यापूर्वी प्रत्येक गाडीवानाची झडती घ्यावी, दोन्ही हात पंचांना दिसावेत, धाव संपताच बैलांच्या पाठी व शेपट्या तपासाव्यात, आणि ताजी जखम आढळली तर त्या गाडीचा क्रमांक तत्काळ रद्द करावा, हा नियम झाला. वर्षभराने न्यायालयात भरावा लागणाऱ्या दंडापेक्षा त्याच दिवशी, साऱ्या मैदानासमोर हातचे गेलेले निशाण गाडीवानाला अधिक झोंबते.

बैल म्हणजे होडी नव्हे

येथवर केलेली तुलना एका ठिकाणी तोकडी पडते आणि ते ठिकाण मान्य केलेच पाहिजे. होडीला वेदना होत नाहीत. होडीच्या शर्यतीत नियम मोडणारा आपल्या प्रतिस्पर्ध्याचे नुकसान करतो, आणि प्रतिस्पर्धी तक्रार करण्यास समर्थ असतो. बैलगाडीच्या शर्यतीत नियम मोडल्याचा पहिला फटका ज्याला बसतो, त्याला तक्रार करता येत नाही. दोन्ही गाडीवानांनी आपसांत ठरवून काठी चालविली, तर शर्यत त्यांच्यापुरती समानच राहील. अन्याय होईल तो बैलांवर. म्हणून छकड्याचे वजन किंवा बैलाचे वय यांसारखे समानतेचे नियम शर्यतवाल्यांच्या संघटनेवर निर्धास्तपणे सोपविता येतात, परंतु बैलाच्या रक्षणाचे नियम केवळ त्यांच्यावर सोपविता येत नाहीत. तेथे बाहेरचा डोळा हवाच. तो पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा असेल, प्राणिमित्र संस्थेच्या प्रतिनिधीचा असेल किंवा चित्रीकरणाच्या यंत्राचा असेल. २०१४ चा निकाल वाचणाऱ्याला हे विसरता येणार नाही की बंदी आली ती परंपरेच्या द्वेषापोटी आलेली नव्हती. टोचणे, मारहाण, शेपूट पिरगळणे यांविषयीच्या तक्रारी न्यायालयापुढे होत्या आणि त्यांचे समाधानकारक उत्तर त्या वेळी कोणापाशी नव्हते.

ज्यांना शर्यतच नको आहे, त्यांचा आक्षेप याहूनही मूलगामी आहे. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही; त्याला पळविणे हीच क्रूरता, मग हातात चाबूक असो वा नसो, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. न्यायालयाने तो अखेर स्वीकारला नाही. पण अस्वीकाराचे एक मुख्य कारण असे, की नव्या नियमांमुळे खेळाचे जुने स्वरूप बदलेल, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक मैदानावर खोटे ठरले, तर शर्यतींच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद शर्यतवाल्यांनी स्वतःच्या हाताने मोडल्यासारखे होईल.

बक्षिसाचे अर्थकारण

आता राहिला पैशाचा प्रश्न. खिलार ही या भूमीची जात. आटपाडी महाल आणि म्हसवड ही खिलारच्या प्रसिद्ध वाणांची नावेच या भूमीतील गावांवरून पडली आहेत. खरसुंडीची, पुसेगावची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी पूर्वापार ओळखली जाते. ट्रॅक्टर आला, मोटेची जागा पंपाने घेतली, आणि या काटक जातीच्या बैलाला शेतावर काम उरले नाही. ज्या जनावराला काम नाही त्याला किंमत नाही, आणि ज्याला किंमत नाही ते दावणीला टिकत नाही, हा बाजाराचा निष्ठुर नियम आहे. खिलारच्या खोंडाला आज जी मागणी आहे तिच्यात शर्यतीचा वाटा मोठा आहे, हे शर्यतसमर्थकांचे प्रतिपादन म्हणूनच खोडून काढणे कठीण आहे.

परंतु ही मागणी कोणत्या खोंडाला आणि तिचा लाभ कोणाला, हेही पाहिले पाहिजे. खानापूर तालुक्यातील भाळवणीच्या मैदानात २०२३ साली पहिल्या क्रमांकाला चारचाकी मोटार ठेवण्यात आली. २०२५ साली कवठेमहांकाळ तालुक्यातील बोरगावच्या मैदानात त्याहून किमती मोटार आली. नामांकित बैलांच्या नावांचा गजर होतो, त्यांची चित्रे फलकांवर झळकतात, त्यांचे व्यवहार लाखांच्या भाषेत बोलले जातात. बक्षीस जितके मोठे, तितका एका धावेवरचा डाव मोठा. आणि डाव जितका मोठा, तितका लपून नियम मोडण्याचा मोह मोठा. चाबकावर बंदी घालायची आणि चाबूक उगारावासा वाटेल एवढे आमिष समोर टांगायचे, हे परस्परविरोधी वर्तन झाले. पाच लाखांच्या दंडाची भीती तोवरच, जोवर बक्षीस त्याहून लहान आहे.

शिवाय सारे बक्षीस पहिल्या एक-दोन गाड्यांत वाटले गेले की बाजार मूठभर बैलांभोवती फिरू लागतो. ज्या शेतकऱ्याने खोंड जन्माला घातला, वासरूपणी सांभाळला आणि गरजेपोटी लवकर विकला, त्याच्या पदरात त्या वाढीव किमतीतील फारसे काही पडत नाही. खेळातून खिलारची जोपासना व्हावी असे खरोखर वाटत असेल, तर बक्षिसाची रक्कम अधिक गाड्यांत विभागावी, आदत गटाला मोठा वाटा द्यावा, आणि ज्या पशुपालकाच्या घरी जिंकणारा बैल जन्मला त्यालाही बक्षिसाचा काही हिस्सा मिळावा. घोड्यांच्या शर्यतींत पैदास करणाऱ्याचा मान राखण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे; ती माळावर आणण्यास हरकत नसावी.

या सर्वांसाठी एका गोष्टीची आवश्यकता आहे. आज प्रत्येक मैदानाचे आयोजक निराळे, पंच निराळे आणि नियमांचा अर्थही निराळा. शिडाच्या होड्यांच्या प्रत्येक वर्गाची स्वतःची संघटना असते. तीच मापे ठरविते, मापकांना प्रशिक्षण देते, वाद सोडविते आणि नियम बदलायचा झाल्यास खेळाडूंचे मत घेते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील आयोजक, बैलमालक व गाडीवान यांनी एकत्र येऊन एक सामाईक नियमपुस्तिका केली, तिच्यात छकड्याचे किमान वजन, दातांची वर्गवारी, झडती, धावेनंतरची तपासणी व बक्षिसांची विभागणी या पाच बाबी स्पष्टपणे नमूद केल्या, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे परवानगीच्या अर्जासोबत ठेवली, तर सरकारलाही तिचा आधार घेता येईल. असा आरंभ पुसेगावसारख्या जुन्या यात्रेच्या मैदानावर झाला, तर इतरांना त्याचे अनुकरण करणे सोपे जाईल.

कायद्याने शर्यतवाल्यांना मुभा दिली आहे, ती पुन्हा काढून घेतली जाणार नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. २०१४ साली जे घडले ते पुन्हा घडू शकते, आणि त्या वेळी न्यायालयापुढे मांडण्यासाठी परंपरेचे दाखले पुरे पडणार नाहीत. मैदानावर काटा होता, पंच तटस्थ होते, जखमी बैलाची गाडी बाद होत होती आणि एका खोंडाचा धनीही पैरा करून अंतिम फेरीत पोहोचत होता, एवढे पुराव्यानिशी दाखविता आले पाहिजे. ते दाखविण्याची तयारी पुढच्या हंगामाच्या मैदानांपासूनच करावी लागेल.